भरलेला पाय

"दूसरा पाँव दो, मावशी," दुकानातला पोरगेलासा सिंधी म्हणाला, आणि सगुणाबाईने इतके महिने जे कुणाला म्हणून दाखवलं नव्हतं ते कॅम्प दोन या वस्तीच्या भर बाजारात, ट्यूबलाइटच्या उजेडात, तिला पुढे करावं लागलं. डावा पाय त्याने आधीच लाकडी मापात ठेवून बघितला होता आणि सात नंबर म्हणून सोडून दिला होता. उजवा हातात घेतला आणि तो क्षणभर थांबला. वाईट काही बोलला नाही. धंद्याचा माणूस, त्याला मापाशी मतलब. "ये तो नौ में भी नहीं जाएगा," असं म्हणून त्याने शेजारी उभ्या असलेल्या तिच्या मुलाकडे, धर्मराजकडे बघितलं. "भाई, दोनों पाँव अलग नाप के हैं. जोडी तोडके नहीं देते हम. बाकी का एक-एक मैं किसको बेचूँगा?" बाकावर एक बाई लेकराच्या पायात सँडल चढवत होती, ती चढवायची थांबली आणि बघायला लागली. धर्मराज हसला. "गर्मी की सूजन है, उतर जाएगी," तो म्हणाला, पण त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. लहानपणी शाळेत मार खाऊन आला की त्या अशाच व्हायच्या, आणि तेव्हाही तो काही झालं नाही असंच सांगायचा. शेवटी पुरुषांच्या चपलांचा एक जोड घेतला. उजवा पाय त्यात कसाबसा शिरला, डावा आत सरकत राहिला. बाहेर आल्यावर धर्मराज म्हणाला, "साडी खाली असते ना, आई. कोण बघतंय." तिने मान हलवली. खरं तर तिला त्या सिंधी पोराचा राग यायला हवा होता. पण तिला सारखं वाटत होतं की इतक्या महिन्यांत तिच्या पायाबद्दल खरं बोललेला तो पहिलाच माणूस.

स्कूटरवर ती एका बाजूला पाय सोडून बसली. पाय लोंबकळला की तो भरायला लागतो हे तिला एव्हाना कळून चुकलं होतं. आधी घोट्याशी घट्टपणा यायचा, मग पोटरीत आतून कुणी हळूहळू पाणी ओततंय असं जडपण, आणि मग कातडी इतकी ताणायची की तिच्यावर साडीचा काठ घासलेलाही सहन होत नसे. अंबरनाथ मागे पडलं, कारखान्यांच्या भिंती संपल्या, वारा अंगावर येऊ लागला, आणि ती आपल्या पायाकडे न बघता पायातच बसून राहिली. हा पाय तिचा जुना सोबती होता. पोर होती तेव्हा लावणीच्या दिवसांत चिखलात उभं राहून राहून एकदा हुडहुडी भरून ताप आला होता, जांघेत अवधाण येऊन गाठ सुजली होती, आणि पायावर खालून वर एक लाल रेघ चढत गेली होती. आईने एरंडाचं पान तव्यावर गरम करून बांधलं होतं. ताप गेला, सूजही गेली. पुढे वर्षा-दोन वर्षांनी हे दुखणं पाहुण्यासारखं यायचं, चार दिवस राहायचं, जायचं. लग्न होऊन बेलवलीला आली तरी यायचं. नवरा जनू म्हणायचा, तुझा पाय माहेरची आठवण काढतो. तो हसायचा, तीही हसायची, आणि परत कामाला लागायची. पाहुणा मुक्कामालाच येईल असं तेव्हा दोघांच्याही मनात आलं नव्हतं. जनूला तर ते बघायलाही लागलं नाही. तो गेला तेव्हा धर्मराज पाचवीत होता.

जनूने मागे काय ठेवलं म्हणाल तर डोक्यावर छप्पर आणि एक जुनी पायमशीन. त्या मशीनवर तिने पोर वाढवला. कॅम्प दोनच्या शेठकडून परकरांचं कापड गठ्ठ्याने यायचं, शिवून गठ्ठ्याने जायचं, आणि मधल्या वेळात सगुणाबाई म्हणून जी कोण होती ती त्या लोखंडी पायडलवर असायची. टाच खाली, चवडा वर, चवडा खाली, टाच वर. सकाळची भांडी झाली की बसायची ती दिवेलागणीला उठायची. पुढे पुढे पाय आपोआप चालायचे, तिला विचारायचेही नाहीत. सुई पळत असायची, हात कापड सरकवत असायचे, आणि मन कुठेतरी भलतीकडे, जनूकडे, धर्माच्या फीकडे, कालच्या कालवणाकडे. कंबर मोडायची, मान आखडायची, डोळ्यांतून पाणी यायचं. पायांची मात्र कधी तक्रार नव्हती. ताप येऊन गेल्यावर थोडं जड वाटलं, तरी मशीनवर दिवस काढला की संध्याकाळी पाय पुन्हा आपला पाय व्हायचा. तिने त्याची कधी दखल घेतली नाही, कारण दखल घ्यायला कारणच नव्हतं. मग धर्मराज फिटर झाला, एमआयडीसीत लागला, कायम झाला, आणि गेल्या दिवाळीत त्याने मशीनला मोटर आणली. स्वतः बसवली, स्वतः मोटरीला हळदीकुंकू लावलं. "आई, आता पाय मारायचे बंद," तो म्हणाला. "तुझ्या पायांवर मी मोठा झालो. आता त्यांना बसू दे." एवढं बोलून तो हुंदका आला म्हणून बाहेर निघून गेला. तीही रडली होती. आळीतल्या बाया मोटर बघायला आल्या, आणि तिने प्रत्येकीला बटण दाबून दाखवलं होतं. पहिले काही दिवस मोटर घर्र करून धावायची आणि तिचे पाय खाली नुसतेच हलत राहायचे, पायडल काढलेल्या जागी. मग ते हलायचे थांबले. संक्रांतीपर्यंत उजव्या पायाचा घोटा दिसेनासा झाला होता.

चपलांच्या दुकानानंतर पुढच्या सुट्टीला धर्मराजने तिला अंबरनाथच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. घाईला कारणही होतं. सोनिवलीच्या गोजरबाईंची कुंदा त्याला पसंत पडली होती. एका हळदीत त्याने तिला बघितलं, तिनेही बघितलं असावं, मधल्या माणसांनी शब्द टाकला, आणि आता मुलीकडच्यांनी येऊन घर बघायचं तेवढं राहिलं होतं. त्या दिवसांत तो आंघोळ करताना शीळ घालायचा. सगुणाबाई चुलीशी बसून ती ऐकायची आणि तिला वाटायचं, एवढं एक नीट पार पडू दे. डॉक्टरीणबाईंकडे तो बाहेर बाकावर बसला, बाईमाणसाचा पाय म्हणून आत आला नाही. बाईंनी पाय खालून वर बघितला, बोटांच्या बेचक्या बघितल्या, तापाबद्दल, लाल रेघेबद्दल विचारलं. हत्तीरोग, त्या म्हणाल्या. शब्द तिला नवा नव्हता, पण खोलीत तो कुणीतरी मोठ्याने उच्चारला म्हणून तिने पटकन दाराकडे बघितलं. "कधीपासून एवढा वाढलाय?" "दिवालीपासना." "दिवाळीला काय झालं? आजारी होतात?" "नाय. काय नाय झाला." "काम काय करता?" "शिवन." "पायमशीन?" "व्हती," ती म्हणाली. "पोरानं मोटर लावली."

बाईंनी लिहायचं थांबवलं. मग त्यांनी जे सांगितलं ते सगुणाबाई पुढे कितीतरी दिवस, कधी शब्दाने आणि कधी नुसतं अंगाने, आठवत राहिली. "रोग मोटरीने नाही झाला हं," त्या म्हणाल्या. "तो जुना आहे, लहानपणी डासाने दिलेला. पण आपल्या मांसात रक्ताखेरीज आणखी एक पाणी असतं. लसिका म्हणतात त्याला. रक्ताला ढकलायला छातीत हृदय आहे. ह्याला तसं कुणी नाही. पोटरी आवळली की ते थोडं वर सरकतं, सैल पडली की आतल्या झडपा त्याला परत खाली येऊ देत नाहीत. पुन्हा आवळली, पुन्हा वर. तुमच्या काही झडपा खराब झाल्यात. पण स्नायू एका लयीत, खूप वेळ चालत राहिला ना, तर बसलेल्या पायापेक्षा कितीतरी पटीने हे पाणी वाहतं. चालत्या स्नायूतूनच वाहतं, दुसरीकडून नाही. तुम्ही इतकी वर्षं रोज ते करत होतात." आजोळ तिचं खाडीकाठचं. बांधाला लाकडी उघाडी असायची, ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडायची आणि भरतीला खाडीचं पाणी आत घ्यायची नाही. त्यातली एखादी मोडली की रान खारं व्हायचं. तिला बाईंचं सगळं समजलं, नको इतकं समजलं. "मंग आता?" तिने विचारलं. "पाय रोज धुवायचा, कोरडा करायचा. मी शिकवते तशी पट्टी बांधायची, झोपताना उशीवर ठेवायचा, गोळ्या घ्यायच्या. आणि चालायचं. दम लागेल असं नाही, हळू, पण पुष्कळ. रोज. बसून राहायचं नाही. पूर्ण बरा होईल असं मी म्हणणार नाही. पण असाच बसवलात तर वाढत जाईल, ते नक्की."

ती बाहेर आली. धर्मराज उठून उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर ते दहा वर्षांचं पोर होतं, जनूची तिरडी घराबाहेर काढल्यावर तिच्याकडे बघणारं. "काय बोलली?" त्याने विचारलं. सगुणाबाईच्या तोंडात सगळं होतं. पोटरी, पाणी, झडप, मशीन. पण पहिलाच शब्द काढला की मागून मोटर येणार होती, आणि मोटरीमागून त्याचं ते हळदीकुंकू लावणं आणि हुंदका आला म्हणून बाहेर जाणं. रोग मोटरीचा नाही एवढं सांगून त्याचं समाधान झालं नसतं, ती त्याला ओळखत होती. तो ते आयुष्यभर उरी बाळगून बसला असता. "गोल्या दिल्यान," ती म्हणाली. "नि आराम कर बोलली." धर्मराजचा जीव भांड्यात पडला. "बघ! मी काय सांगत होतो?" तो म्हणाला, आणि तिला हात धरून पायऱ्यांवरून उतरवू लागला. आईने पोराला खोटं सांगावं यात मोठंसं काय आहे, पोटात भूक असताना जेवले म्हणून तिने त्याला शंभरदा सांगितलं होतं. पण ते खोटं तिच्या एकटीच्या पोटात राहायचं. हे पायात उतरलं.

मग आरामाला ऊत आला. धर्मराज पाण्याचा हंडा उचलू देईना, बाजारात जाऊ देईना. जनूची थोरली बहीण, सखूआत्या, घर बघायच्या दिवसाची तयारी म्हणून मुक्कामाला येऊन राहिली. सखूच्या हातून आजवर घराण्यातली सगळी लग्नं पार पडली होती, आणि एकदा तिने कंबर कसली की देवाचंही तिच्यापुढे चालत नसे. तिने पाय बघितला, तोंडाला पदर लावला, आणि मग सूत्रं हातात घेतली. "सगुना, कोनाचे कानावर जायाला नको गो," ती म्हणाली. "हत्तीपाय बोलले का लोक घरानं मोजतात. आज सासूला, उद्या पोरांना, असा बोलतील." "डाक्तरीन बोलली, रगतानं नाय येत." "डाक्तरनीला पोर द्यायची नाय. गोजरबायला द्यायची हाय." ठरलं ते असं, की त्या दिवशी तिने दिवाणावर बसायचं, पाय साडीखाली घ्यायचा, आणि माणसं जाईपर्यंत उठायचं नाही. पाणी सखू देईल, चहा शेजारची देईल. मुलाची आई आहे, मानाने बसली म्हणून कुणी नावं ठेवणार नाही. मशीन पुढच्या खोलीत दाराशी मांडली, मोटर दिसेल अशी. सुनेला पाय मारावे लागणार नाहीत हे सोनिवलीकरांना कळायला हवं होतं. पट्टी दोन दिवस बांधली होती ती सखूने सोडायला लावली, साडीखालून जाड दिसते म्हणून. आणि सगुणाबाईने सगळं ऐकलं. ऐकायची तिला सवय होती. फक्त कुणी खोलीत नसलं की ती दिवाणावर बसल्या बसल्या टाच दाबायची, चवडा दाबायची, टाच, चवडा, हवेतच. पोटरीत थोडी हालचाल व्हायची, आत काहीतरी सरकल्यासारखं वाटायचं, आणि तेवढ्याने तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. इतक्या चोरट्यासारखं तिने आयुष्यात दुसरं काही केलं नव्हतं.

सोनिवलीची माणसं सकाळी आली. गोजरबाई, तिचा दीर, आणि मागून कुंदा. मुलीने अशा वेळी यायची रीत नाही, पण गोजरबाई विधवा, तिचं म्हणणं पोरीने राहायचं घर पोरीने बघावं. सखूला ते आवडलं नव्हतं, पण तिने ते हसण्यावारी नेलं. सगुणाबाई दिवाणावर होती. सकाळपासून होती, इस्त्रीची साडी मोडू नये म्हणून सखूने तिला लवकरच बसवून ठेवलं होतं. गोजरबाई आत आली तेव्हा तिचं सगळं अंग उठायला धावलं. घरात बाई आली, पोरीची आई आली, आणि आपण बसून. "या," एवढंच ती म्हणाली आणि जागची हलली नाही. गोजरबाईची नजर तिच्यावरून मशीनवर गेली, मोटरवर गेली, भिंतीवरच्या जनूच्या फोटोवर गेली, परत तिच्यावर आली. बोलणी सुरू झाली. पाऊसपाणी, सोनिवलीत चाललेल्या बिल्डिंगा, कुणाची जमीन गेली, धर्मराजच्या कंपनीत पाळी कशी असते. सखू एकटीच दोघींचं बोलत होती. सगुणाबाईला निम्मं ऐकू येत नव्हतं. पाय भरत होता. दिवाणाच्या कडेशी मांडी दबलेली, गुडघ्याखाली सगळं कोंडलेलं, आणि पोटरी आतून अशी ठणकत होती की प्रत्येक ठोका तिला दातांत कळत होता. उठून चार पावलं टाकली तर थांबेल, हे तिला माहीत होतं, आणि ती चार पावलं तिच्या पोराच्या लग्नावरून जात होती. तिने साडीखाली टाच दाबली. चवडा दाबला. टाच, चवडा. काय सुटल्यासारखं वाटलं! तिने परत केलं. मग पाय आपोआप चालू लागला, तिला विचारेनासा झाला, जुन्या दिवसांसारखा, आणि तिच्या नकळत साडीचा काठ एका लयीत हलू लागला.

गोजरबाई बोलता बोलता थांबली. आपल्याकडे बसल्या जागी पाय हलवणारी बाई म्हणजे घरातली लक्ष्मी हलवणारी, लहान पोरांनाही त्यासाठी चापटी मिळते. आणि इथे मुलाची आई, पाहुणे समोर, दिवाणावर बसून खुशाल पाय हलवत होती, उठली नव्हती, पाणी दिलं नव्हतं, धड बोलत नव्हती. "पाय हालवू नको गो," सखू दातांतल्या दातांत म्हणाली, पण खोली लहान होती. सगुणाबाईने पाय थांबवला. ठणका दुपटीने वर आला. गोजरबाईने चहाचा कप खाली ठेवला. "तुमी घरात काय करता का?" तिने विचारलं. आवाज सरळ होता. "नाय, रागावू नका. माजी पोर लाडाची नाय, कामाला वाघ हाय. पन एकीनं मरायचा नि दुसरीनं बसायचा, असा मना नको." सखू काहीतरी बोलायला लागली. धर्मराज दारात उभा होता, त्याने आईकडे बघितलं. त्याच्या त्या बघण्यात विनवणी होती, बसून राहा अशी. कुंदा मात्र खाली बघत होती, तिला आपल्या आईच्या बोलण्याची लाज वाटली असावी. आणि सगुणाबाईला अचानक फार राग आला. कुणाचा ते तिला सांगता आलं नसतं. जन्मभर जिने पायावर घर ओढलं तिला आज बसून खाणारी म्हणावं, आणि तेही खोटं नाही असं दिसावं. तिने दिवाणाच्या कडेला हात टेकला आणि ती उभी राहिली.

उभं राहिल्यावर साडी वर ओढली गेली, कारण इतक्या वेळाने पाय सुजून तिला साडीतून मोकळा करावा लागला. तो सगळ्यांना दिसला. बाहेर रेतीचा ट्रक खाली होत होता तेवढा आवाज. ती स्वयंपाकघरात गेली, तांब्या भरला, परत आली, गोजरबाईच्या पुढे धरला. पहिली दोन पावलं तिला वाटलं आपण पडणार. मग पोटरी आवळली, सैल पडली, परत आवळली. "पानी घ्या," ती म्हणाली. गोजरबाईने तांब्या घेतला, पाणी प्यायली, आणि तांब्या खाली ठेवून पदर सारखा केला. "निगतो आमी," ती म्हणाली. सखू "अहो, जेवून..." म्हणत राहिली. धर्मराज दारातून बाजूला झाला. त्याच्याकडे बघायचं धाडस सगुणाबाईला झालं नाही. पण पाहुण्यांना रस्त्यापर्यंत पोचवायचं ही घरातल्या बाईची रीत. तिने पुरुषी चपला पायात सरकवल्या आणि ती त्यांच्यामागून बाहेर पडली.

आळी संपली, तिथून माघारी फिरायचं. ती फिरली नाही. सोनिवलीचा रस्ता नव्या बिल्डिंगांच्या मधून जात होता, विटांच्या थप्प्या, अर्धवट जिने, मधेच एखादं राहून गेलेलं भाताचं शेत. दीर आणि कुंदा पुढे होते. कुंदा दोनदा मागे वळून बघून हळू झाली, दिराने तिला पुढे घेतलं. गोजरबाईने पाऊल आखडतं घेतलं. "दुकते?" तिने विचारलं. "बसले का दुकते," सगुणाबाई म्हणाली. "चालताना नाय." "पोरांना व्हतो?" "नाय. डासानं व्हतो. डाक्तरीन बोलली." "नि बरा व्हनार?" सगुणाबाईला इथेही खोटं बोलता आलं असतं. रस्ता होता, सखू जवळ नव्हती, आणि या बाईच्या प्रश्नात कुत्सितपणा नव्हता. "नाय," ती म्हणाली. "रोज चालत रायले तर वाडनार नाय. पट्टी बांदायची, धुवायचा. जल्मभर." गोजरबाईने मान हलवली. पुढे एका झाडाखाली ती थांबली. "तुमी खरा सांगतला. मी पन खरा सांगते," ती म्हणाली. "माजे सासूला व्हता. दोनी पाय. आखरीला हात्रुनात. मीच केला तिचा सगला, पंदरा वरसं. वाईट बाय नवती ती. पन माजी जवानी त्या पट्ट्या धुवून गेली. तुमी चालता हाव, मना दिसतंय. तरी पोर नाय देनार. राग धरू नका." सगुणाबाईने तिच्याकडे बघितलं. राग धरायला काही सापडलं नाही. "नाय धरत," ती म्हणाली. "पोर चांगली हाय तुमची." गोजरबाईचे डोळे भरले. ती पटकन वळली आणि पुढच्यांना गाठायला निघाली.

सगुणाबाई परत फिरली. ऊन चढलं होतं. पोराच्या आंघोळीतली शीळ आपण आज मोडून आलो, हे तिला अगदी नीट कळत होतं, आणि त्याच वेळी, तिला सांगायलाही लाज वाटावी, पाय हलका होत चालला होता. दिवाळीपासून इतका हलका तो कधी नव्हता. पाऊल पडायचं, पोटरी आवळायची, आणि कोंडून राहिलेलं ते पाणी, ज्याचं नाव तिला आता माहीत होतं, वर सरकायचं. छाती भरून येत होती आणि पाय रिकामा होत होता. तिला रडावंसं वाटत होतं आणि चालत राहावंसंही वाटत होतं, म्हणून ती रडत रडत चालली. रस्त्यावरच्या बाया बघत होत्या. तिने पदर तोंडाला लावला नाही आणि साडीही खाली ओढली नाही. आळीच्या तोंडाशी आल्यावर पावलं जड झाली. ते दुखणं पायातलं नव्हतं.

घरात सखू नव्हती, रागाने शेजारी जाऊन बसली होती. धर्मराज दिवाणावर बसला होता. तिने दारात चपला काढल्या. "काय बोलल्या?" त्याने विचारलं. "पोर नाय देनार बोलली." तो म्हणाला, "तू कशाला उठलीस, आई? थोडं राहिलं होतं." रागाने नाही म्हणाला. रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं. ती त्याच्या समोर उभी राहिली आणि तिला वाटलं, आता नाही तर परत कधीच नाही. "धर्मा, डाक्तरनीनं आराम नाय सांगतला," ती म्हणाली. "मी खोटा बोलले. चालत राय, बोलली. पायमशीन व्हती तवर पाय चालायचा, त्यानं हलका रायचा. मोटर लावली नि बसला. तुजी चूक नाय रं. तुना काय म्हाईत. पन मी सांगतला नाय, नि तो वाडला." धर्मराज ऐकत होता. तिने त्याच्या चेहऱ्यावर तो अपराधीपणा येताना बघितला, जो टाळण्यासाठी ती इतके दिवस बसून राहिली होती. तो आला, आणि घर होतं तिथेच राहिलं. "दुखायचं?" त्याने विचारलं. "लय," ती म्हणाली. हा शब्द तिने त्याच्यासमोर जन्मात पहिल्यांदा उच्चारला. "लय दुकायचा रं."

तो दिवाणावरून खाली उतरला आणि तिच्या पायाशी बसला. दर सणाला तो पाया पडायचा, बोटं जेमतेम टेकवायचा, आणि दिवाळीनंतर तर तीही टेकवत नव्हता. आता त्याने उजवा पाय दोन्ही हातांत घेतला. फिटरचे हात, खरखरीत, गरम. घोटा असायचा त्या जागेवर त्याने अंगठा ठेवला आणि हळूच दाबला, जणू आत काय आहे ते त्याला हाताने समजून घ्यायचं होतं. अंगठा मांसात रुतला. त्याने तो उचलला तेव्हा तिथे एक खोल खळगा राहिला, त्याच्या अंगठ्याएवढा. तो घाबरून वर बघायला लागला. "भरंल," ती म्हणाली. "थांब जरा." दोघंही खाली बघत राहिली. खळगा हळूहळू, फार हळूहळू भरून येत होता.